पिंजरा, घुंगरू आणि जस्त : पाळीव पक्ष्याला विषारी धातूंपासून वाचवण्याचा योग्य क्रम

नवा पिंजरा आणायचा, त्यात लगेच पक्षी सोडायचा आणि पुढे कधीतरी कोणी सांगितले म्हणून जाळीवरून व्हिनेगरचा बोळा फिरवायचा, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम आहे आणि तो पूर्णपणे उलटा आहे. धातूच्या विषबाधेने आजारी पडलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत मालकाने काळजी घेतलेली नसते असे नाही. बहुधा ती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी घेतलेली असते. जाळी घासलेली असते, पण दाराची कडी तशीच राहिलेली असते. पिंजरा महागाचा असतो, पण त्यात टांगलेले घुंगरू पूजेच्या सामानाच्या दुकानातले असते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

हा लेख बजरीगर, कॉकटील, लव्हबर्ड, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे आणि झेब्रा फिंच यांसारख्या परदेशी पक्ष्यांसाठी आहे. आपला देशी पोपट पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्या पिंजऱ्याचा विचार येथे केलेला नाही.

धोका नेमका कशात असतो

मुख्य धातू दोन, जस्त आणि शिसे. जस्त शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते, परंतु अधिक झाले की स्वादुपिंड, यकृत आणि मूत्रपिंड यांना इजा करते. शिशाचा शरीराला काहीच उपयोग नसतो. ते मज्जासंस्थेवर आणि रक्तपेशींवर घाला घालते आणि हाडांत साठून राहते. पोपटवर्गीय पक्षी दिसेल ती वस्तू चावून पाहतात, आणि गिळलेला धातूचा कण त्यांच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायुमय पोटात, अडकून राहू शकतो. तेथे तो घासला जातो, जठरातल्या आम्लात हळूहळू विरघळतो आणि रक्तात उतरत राहतो. बजरीगरचे सारे वजनच ३० ते ४० ग्रॅम असते, त्यामुळे बाजरीच्या दाण्याएवढा कणही त्याला पुरेसा ठरू शकतो.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, त्यामुळे ‘लोखंड नाही, पितळ आहे’ हे समाधान येथे कामाचे नाही. लोखंडाचा तांबडा गंज पाहून लोक घाबरतात आणि जस्ताच्या पांढऱ्या भुकटीकडे दुर्लक्ष करतात. गंजका पिंजरा वापरू नयेच, पण पोपटवर्गीय पक्ष्यांसाठी अधिक विषारी असते ती पांढरी भुकटी.

टप्पा १ : पक्षी हलवणे आणि तयारी

१. तपासणी सुरू करण्यापूर्वी पक्ष्याला दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावे. पुठ्ठ्याचे हवेशीर खोके किंवा प्लास्टिकची प्रवासी पेटी काही तासांसाठी चालते. पक्षी आत असताना जाळी घासू नये, कारण सुटलेली भुकटी तळाशी पडते आणि पक्षी ती दाण्यांबरोबर उचलतो.

२. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणून पक्ष्याचे सकाळचे, खाण्यापूर्वीचे वजन वहीत लिहावे. आज निरोगी असताना केलेली ही नोंद पुढे आजार ओळखायला उपयोगी पडते.

३. लोहचुंबक, काळे सुती कापड, विजेरी, नायलॉनचा ताठ ब्रश, रबरी हातमोजे आणि पांढरे व्हिनेगर जवळ ठेवावे. तारेचा ब्रश घेऊ नये. तो मुलामा ओरबाडतो आणि त्याच्या तुटलेल्या तारा जाळीत अडकून राहतात.

४. पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक आजच मिळवावा. अनेक गावांतील दवाखाने गुरे आणि कुत्री-मांजरे एवढेच पाहतात, आणि हे रात्री नऊ वाजता कळून उपयोग नसतो. विचारताना ‘पक्ष्याचा एक्स-रे आणि रक्ताची धातू-तपासणी होते का’ असे स्पष्ट विचारावे.

टप्पा २ : पिंजऱ्याचा धातू ओळखणे

सर्वांत जास्त गोंधळ या टप्प्यावर होतो, कारण दुकानदाराच्या तोंडी प्रत्येक चकाकणारी जाळी ‘स्टील’च असते.

१. प्रथम चुंबक लावावे. तो घट्ट चिकटला, तर आत लोखंड आहे आणि त्यावर कशाचा तरी मुलामा आहे. तो मुलामा बहुधा जस्ताचा किंवा रंगाचा असतो. चुंबक चिकटला नाही, तर स्टेनलेस स्टील असण्याची शक्यता आहे, पण खात्री नाही, कारण ॲल्युमिनियम, पितळ, शिसे आणि जस्ताचे ओतीव मिश्रण यांनाही चुंबक चिकटत नाही. उलट ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची तार ओढून बारीक केलेली असेल, तर तिला चुंबक किंचित ओढ दाखवू शकतो. म्हणून चुंबकाकडून मिळणारे उत्तर अर्धेच समजावे.

२. नंतर पृष्ठभाग पाहावा. जीआय जाळी, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली जाळी, करड्या रंगाची असते. तिच्यावर कधी स्फटिकांसारखी नक्षी दिसते आणि जोडांवर गोठलेले थेंब किंवा टोकदार कंगोरे दिसतात. जाळी आधी वेल्ड करून मग जस्तात बुडवली असेल तर असे थेंब जास्त असतात, आणि पक्षी पहिल्यांदा चोच लावतो ती त्यांनाच. आधी जस्त चढवलेली तार नंतर वेल्ड केली असेल, तर जोडावरचे जस्त जळून गेलेले असते आणि गंज तेथूनच सुरू होतो.

३. काळे कापड किंचित ओले करून जाळीच्या आडव्या तारा, कोपरे आणि ट्रेखालचा भाग पुसावा. कापडावर पांढरी पूड आली, तर तो जस्ताचा पांढरा गंज समजावा. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा दमट आणि खाऱ्या हवेत तो एका पावसाळ्यातही धरतो, आणि बाल्कनीत टांगलेल्या पिंजऱ्यांवर तो हमखास दिसतो.

४. पिंजरा रंगीत असेल, तर रंगाखाली काय आहे ते पाहावे. तळाच्या, पक्ष्याची चोच न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात सुरीच्या टोकाने एक बारीक ओरखडा काढावा. नखाने पापुद्रा निघत असेल तर तो साधा रंग आहे. भट्टीत भाजून बसवलेले पावडर कोटिंग सहज निघत नाही, परंतु त्याच्याही खाली जस्त असू शकते.

५. स्टेनलेसचा दावा असेल, तर दर्जा विचारावा. ३०४ दर्जात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ दर्जात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असते. त्यातून जस्ताचा किंवा शिशाचा धोका नसतो, पण दमट हवेत तो लवकर डागाळतो. स्टीलचे काम करणाऱ्या अनेक फॅब्रिकेटरांकडे आणि भंगार व्यापाऱ्यांकडे दर्जा ओळखण्याचे रासायनिक थेंब असतात. पिंजऱ्याचा दारासारखा सुटा भाग नेऊन ते लावून घ्यावेत.

*इशारा :* जोडांवर करड्या, मऊ धातूचा गोळा दिसत असेल आणि नखाने त्यावर रेघ उमटत असेल, तर तो सोल्डरचा डाख आहे. त्यात शिसे असण्याची दाट शक्यता असते. जुने, हाताने बनवलेले आणि ‘अँटिक’ म्हणून विकले जाणारे पितळी पिंजरे याच कारणासाठी शोभेलाच ठेवावेत.

टप्पा ३ : ठेवायचा की बदलायचा, हा निर्णय

स्टेनलेसचा पिंजरा ठेवावा. पावडर कोटिंग अखंड असेल आणि पक्षी लहान चोचीचा असेल, तर तोही चालतो; मात्र आफ्रिकन ग्रे किंवा मोठ्या कोन्यूरसारखा जोरकस चोचीचा पक्षी ते कोटिंग काही महिन्यांत सोलू शकतो. शिशाचा डाख, पोपडे सुटलेला रंग किंवा सर्वत्र पांढरी भुकटी यांपैकी काहीही आढळल्यास पिंजरा बाद करावा. रंग खरवडून पुन्हा रंगवण्याच्या भानगडीत पडू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, इतकी आणली गेली आहे, पण त्यापूर्वीच्या रंगाच्या थरांना आणि औद्योगिक वापराच्या रंगांना हा नियम लागू होत नाही.

पिंजरा स्थानिक वेल्डरकडून बनवून घेत असल्यास एक सूचना लेखी द्यावी : प्रायमर नको, ‘सिल्व्हर’ म्हणजे रुपेरी रंग नको, जोडांवर जस्ताचा स्प्रे नको. वेल्डर हे सगळे सवयीने मारतो आणि काम नीटनेटके दिसावे म्हणून मारतो. पिवळसर झिंक क्रोमेट आणि शिशाचा तांबडा प्रायमर हे दोन्ही पक्ष्यासाठी घातक आहेत. तांबडा प्रायमर लोह-ऑक्साइडचा आहे की शिशाचा, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लाकडी चौकटीवर ३०४ ची वेल्डेड जाळी बसवून घेणे. जाळी महाग पडते, हे खरे. पण जीआय पिंजरा दर दोन वर्षांनी बदलण्यापेक्षा महाग पडत नाही.

टप्पा ४ : जीआय पिंजरा वापरावाच लागत असेल तर धुण्याची रीत

व्हिनेगरने धुतल्यावर जस्त ‘निघून जाते’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. व्हिनेगर सुटी भुकटी आणि पांढरा गंज काढते. जस्ताचा मूळ थर तसाच राहतो. म्हणजे चावरा पक्षी आणि जीआय जाळी ही जोडी धुतल्यानंतरही धोक्याचीच आहे. नवा पिंजरा येईपर्यंतची सोय म्हणून, किंवा जाळी न चावणाऱ्या फिंचसाठी, एवढ्याच मर्यादेत पुढील कृती करावी.

१. पिंजरा घराबाहेर किंवा गच्चीवर न्यावा. सर्व सुटे भाग वेगळे करावेत.

२. जोडांवरचे थेंब आणि कंगोरे पक्कडीने तोडून कानशीने सपाट करावेत. हे धुण्याआधीच करायचे आहे, कारण कानशीची पूड नंतरच्या धुण्यात जाते. अनेक जण आधी धुतात आणि मग कानस मारतात, त्यामुळे ताजी पूड पिंजऱ्यातच राहते.

३. साबण आणि कोमट पाण्याने तेलकट थर काढावा, कारण त्यावरून व्हिनेगर घसरून जाते.

४. बाजारातले पांढरे व्हिनेगर पाणी न मिसळता नायलॉनच्या ब्रशने जाळीच्या चारही बाजूंना चोळावे आणि काही मिनिटे राहू द्यावे. बारीक बुडबुडे दिसले तर ती जस्तावरची प्रक्रिया आहे.

५. भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. व्हिनेगर आणि जस्त यांपासून तयार होणारा क्षार पाण्यात विरघळतो आणि तो पोटात सहज शोषला जातो. अर्धवट धुतलेली जाळी म्हणूनच न धुतलेल्या जाळीपेक्षा वाईट ठरू शकते.

६. चोळणे आणि धुणे पुन्हा करावे. उन्हात पूर्ण वाळवून कोरडे काळे कापड फिरवावे.

*तपासा :* कापड स्वच्छ राहिले तरच पुढे जावे. पांढरे आले, तर चौथ्या पायरीवर परत यावे.

*इशारा :* व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत; त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडास साफ करण्याचे ॲसिड वापरून ‘सगळे जस्त उतरवण्याचा’ किंवा जाळी भट्टीत, गॅसवर तापवून जस्त जाळण्याचा प्रयत्न करू नये. त्याचे धूर माणसालाही बाधतात, आणि पक्ष्याची श्वसनसंस्था तर त्याहून कितीतरी नाजूक असते.

टप्पा ५ : सुटे भाग

पिंजरा स्टेनलेसचा घेऊनही पक्षी आजारी पडतो तो बहुधा येथे. दाराची कडी, स्प्रिंग, ट्रेचे हुक, टांगण्याची साखळी, खाण्याच्या वाटीची कडी आणि काठ्या बसवण्याचे नट-बोल्ट हे भाग निर्माता वेगळे विकत घेतो आणि ते सर्रास जस्ताचा मुलामा दिलेले असतात. निळसर किंवा पिवळसर झाक असलेली चमक ही त्याची खूण आहे.

प्रत्येक भागाला चुंबक लावून पाहावे आणि शंका असलेला भाग बदलावा. हार्डवेअरच्या दुकानात ‘एसएस ३०४ चे नट-बोल्ट’ असेच मागावेत. ‘एसएस फिनिश’ म्हणजे नुसता चकचकीत मुलामा असू शकतो, आणि क्रोमचा मुलामा तर पुष्कळदा जस्ताच्या ओतीव भागावरच दिलेला असतो. पाण्याच्या आणि दाण्यांच्या वाट्या स्टेनलेस, काच किंवा चिनीमातीच्या असाव्यात. पत्र्याच्या जीआय वाटीत टोमॅटो, संत्रे किंवा डाळिंबाचे दाणे ठेवणे म्हणजे फळाच्या आम्लाने जस्त विरघळवून पक्ष्याला खाऊ घालणे आहे. कल्हई केलेली पितळी वाटीही नको, कारण कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असू शकते.

टप्पा ६ : खेळणी

१. प्रत्येक नवे खेळणे पिंजऱ्यात टाकण्यापूर्वी टेबलावर पूर्ण सोडवून पाहावे. लाकडी ठोकळ्याच्या आत खिळा, दोरीच्या गाठीत तार, कागदी फुलात स्टेपलची पिन हमखास निघते.

२. घंटा असेल, तर तिचा लोळा पाहावा. तो मऊ असेल, नखाने किंवा सुरीने चकचकीत रुपेरी ओरखडा पडत असेल आणि कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटत असेल, तर तो शिशाचा समजावा आणि घंटा फेकून द्यावी. ही चाचणी हातमोजे घालून करावी आणि नंतर हात धुवावेत.

३. घुंगरू पिंजऱ्यात बांधूच नये. ते पितळेचे असते, त्यातला खडा कशाचा आहे हे दिसत नाही, आणि त्याच्या फटीत पक्ष्याचे बोट किंवा चोचीचे टोक अडकते. माझ्या मते या एका वस्तूबाबत तपासणीत वेळ घालवण्याचेही कारण नाही.

४. आरशाचा मागचा लेप आणि पत्र्याची कड पक्षी खरवडतो. आरसा द्यायचाच असेल, तर घासून चमकवलेल्या स्टेनलेसच्या पत्र्याचा द्यावा.

५. टांगण्यासाठी किल्ल्यांची कडी, एस आकाराचा हुक किंवा कपड्यांची झिप वापरू नये. ३०४ ची स्क्रूने बंद होणारी कडी घ्यावी आणि तिचा स्क्रू पान्याने आवळावा, कारण हाताने आवळलेला स्क्रू पोपट उघडतो.

६. भडक पिवळ्या आणि लाल रंगाच्या, कोणाचे उत्पादन आहे हे न लिहिलेल्या खेळण्यांत शिशाचे किंवा कॅडमियमचे रंग असू शकतात. ती टाळावीत.

महागड्या खेळण्याबद्दल फारच शंका असेल, तर सराफी पेठेत क्ष-किरणांनी धातूचे घटक सांगणारे यंत्र असते. तेथे घंटा किंवा कडी दाखवता येते. ते यंत्र पृष्ठभागाचेच घटक सांगते, त्यामुळे मुलामा दिलेल्या वस्तूवर आधी एक खोल ओरखडा काढून तो भाग तपासून घ्यावा.

धातूशिवायची खेळणी घरी सहज होतात. नारळाची स्वच्छ करवंटी, बांबूची कांडी, न रंगवलेला पुठ्ठा आणि झावळीच्या पात्या एवढ्या सामानात कॉकटीलचा आठवडा जातो. बांबूची टोपली बाजारातून आणली, तर तिच्या काठाला गुंडाळलेली तार आधी काढून टाकावी.

टप्पा ७ : पिंजऱ्याबाहेरचे घर

पक्षी खोलीत मोकळा सोडत असाल, तर त्याच्या उंचीवरून खोली पाहावी. जड पडद्यांच्या खालच्या शिवणीत शिशाची वजने असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टोकांवर शिसे आणि त्याचे क्षार असतात. मासेमारीच्या सामानातील शिशाच्या गोळ्या, छर्ऱ्याच्या बंदुकीचे छर्रे आणि दुरुस्तीसाठी ठेवलेली सोल्डरची तार बंद डब्यात ठेवावी. देवघराकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही; पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असते, आणि शेंदूर लावलेल्या मूर्तीवर बसून तो टोचणारा पक्षी सरळ शिसेच खातो. खांद्यावर बसणाऱ्या पक्ष्यासमोर नकली दागिने घालू नयेत, कानातले तर नकोच.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी : १९८२ नंतरच्या एक सेंटच्या नाण्याचा गाभा जवळजवळ पूर्ण जस्ताचा आहे. अशी नाणी वाटीत उघडी ठेवू नयेत.

टप्पा ८ : ठरावीक तपासणी

आठवड्यातून एकदा वजन करावे आणि काळे कापड फिरवावे. महिन्यातून एकदा विजेरीने जोड आणि कड्या पाहाव्यात. पावसाळ्यात हेच पंधरवड्याने करावे. चोचीच्या ताज्या खुणा दिसतील तेथला भाग त्याच दिवशी बदलावा.

टप्पा ९ : विषबाधेची शंका आल्यास

पिसे फुगवून सुस्त बसणे, खाल्लेले बाहेर टाकणे, पाणीदार किंवा गडद हिरवी विष्ठा, विष्ठेतल्या लघवीच्या भागात लाली, पायांत जोर नसणे, पंख लोंबणे, मान वाकडी होणे, झटके येणे यांपैकी काहीही दिसले किंवा वजन एक दशांशाने उतरले, तर थांबू नये. ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात, परंतु पक्षी आजार लपवतो आणि दिसू लागतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो.

१. पक्ष्याला त्या पिंजऱ्यातून लगेच काढून शांत, अंधाऱ्या आणि उबदार, साधारण ३० अंश सेल्सिअसच्या, खोक्यात ठेवावे.

२. एरंडेल, तूप, दूध, कोथिंबिरीचा रस यांपैकी काहीही पाजू नये. अशक्त पक्ष्याच्या श्वासनलिकेत द्रव गेला, तर विषाआधी तोच जीव घेतो.

३. पिंजऱ्याची छायाचित्रे, चावलेला भाग, संशयित खेळणे आणि कागदावर धरलेली ताजी विष्ठा घेऊन पशुवैद्यांकडे जावे. ‘धातूची शंका आहे’ हे शब्द स्वतःहून सांगावेत.

४. एक्स-रेमध्ये धातूचा कण दिसला तर निदान सोपे होते, पण जस्ताची भुकटी किंवा विरघळलेला क्षार त्यात दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला, तरी लक्षणे असतील तर रक्ततपासणीचा आग्रह धरावा. जस्तासाठीचे रक्त रबरी बुचाच्या नळीत घेतल्यास बुचातलेच जस्त मिसळून आकडा चुकतो, ही बाब आधी बोलून घ्यावी.

५. उपचारात धातूला बांधून शरीराबाहेर नेणारी औषधे देतात, उदाहरणार्थ कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शने किंवा तोंडाने द्यायचे डीएमएसए. पोटात कण शिल्लक असेल, तर तो काढावा लागतो, नाहीतर विष उतरतच राहते. दोन दिवसांत पक्षी बोलू-खाऊ लागला म्हणून औषध थांबवू नये. हाडांत साठलेले शिसे नंतर पुन्हा रक्तात येते, त्यामुळे फेरतपासणीची तारीख पाळावी.

६. उपचार चालू असताना घरी टप्पा २ पासून तपासणी पुन्हा करावी. धातू कोठून आला हे सापडेपर्यंत पक्षी जुन्या पिंजऱ्यात परत ठेवू नये. सापडले नाहीच, तर पिंजरा, वाट्या आणि सर्व खेळणी एकदम बदलावीत. त्याच पिंजऱ्यात दुसरा पक्षी असेल, तर तो ठणठणीत दिसत असला तरी त्याचेही रक्त तपासून घ्यावे.